व्यावसायिक लेखापालाची निवड आणि त्याच्याशी कामकाज : अहमदनगर जिल्ह्यातील पतसंस्थांच्या विशेष संदर्भात

सारांश

सहकारी पतसंस्था चालविणाऱ्या समितीला आणि पगारदार प्राध्यापकाला व्यावसायिक लेखापालाची गरज दरवर्षी भासते. तथापि हिशेब लिहिणारा, कराचे विवरणपत्र भरणारा आणि लेखापरीक्षण करणारा या तीन भिन्न भूमिका आहेत, याचे भान निवड करताना राहतेच असे नाही. २०१३ पासून महाराष्ट्रातील सहकारी संस्थांच्या सभासदांना आपला लेखापरीक्षक निवडण्याचा अधिकार मिळाला आहे. हा अधिकार डोळसपणे कसा वापरावा, लेखापरीक्षकाबरोबरचे कामकाज कसे असावे आणि त्याचा अहवाल कसा वाचावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : लेखापरीक्षक, पतसंस्था, नामतालिका, दोष दुरुस्ती अहवाल, अनुत्पादक जिंदगी

१. प्रस्तावना

हिशेब कोणी लिहिला आणि तो कोणाला वाचता आला, हा प्रश्न अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याला नवा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेला शेतकऱ्यांचा उठाव लवकरच पारनेर व श्रीगोंदे तालुक्यांतील गावांत पोहोचला. शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या घरातील रोख्यांवर व खतांवर होता. जे कागद आपल्याला वाचता येत नाहीत पण ज्यांच्या आधारे आपली जमीन जाते, ते कागद जाळण्यावर त्यांचा भर होता. पुढे १८७९ मध्ये जो दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, त्यात ऋणकोला दिलेल्या रकमेची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क देण्यात आला. हिशेब पाहण्याचा अधिकार ही शेतकऱ्याची गरज आहे, हे कायद्याने मान्य केले, असा त्याचा अर्थ होतो.

याच जिल्ह्यात पुढे सहकाराने मूळ धरले. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५० मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. सावकाराच्या वहीऐवजी सभासदांची स्वतःची वही, हे सहकाराचे मर्म होय. कारखान्यांपाठोपाठ दूधसंघ, नागरी बँका, ग्रामीण व नागरी पतसंस्था आणि नोकरदारांच्या सेवक पतसंस्था जिल्ह्यात उभ्या राहिल्या. महाविद्यालयातील प्राध्यापक यांपैकी एखाद्या तरी संस्थेचा सभासद असतो. अनेकदा संचालक, सचिव किंवा खजिनदारही असतो.

वही सभासदांची झाली, तरी ती वाचण्याचे काम मात्र पुन्हा एका तज्ज्ञाकडे गेले. हा तज्ज्ञ कोण असावा, हे ठरविण्याचा अधिकार आज सभासदांकडे आहे. तरीही बहुतेक वार्षिक सर्वसाधारण सभांत हा विषय एका ओळीच्या ठरावाने संपतो. लेखापालाची निवड म्हणजे जबाबदारी दुसऱ्याकडे सोपविणे नव्हे, तर आपली जबाबदारी पार पाडण्यासाठी योग्य साहाय्य मिळविणे होय, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. तीन भूमिका, तीन माणसे

व्यवहारात 'आमचे सी.ए.' हा एकच शब्दप्रयोग तीन कामांसाठी वापरला जातो. त्यामुळे अपेक्षांचा गोंधळ होतो. म्हणून प्रथम या भूमिका वेगळ्या करून पाहणे आवश्यक आहे.

(अ) हिशेबनीस : रोजकीर्द लिहिणे, खतावणी करणे, तेरीज जुळविणे, बँक जुळवणी पत्रक तयार करणे ही त्याची कामे. तो संस्थेचा सेवक असतो व व्यवस्थापक समितीला जबाबदार असतो. संगणकप्रणाली आल्यामुळे खतावणी आपोआप होते. परंतु नोंद कोणत्या खात्यावर करायची, हा निर्णय आजही माणसालाच घ्यावा लागतो.

(आ) कर सल्लागार : आयकर विवरणपत्र, उद्गम करकपातीची विवरणपत्रे, वस्तू व सेवा कर यांविषयी सल्ला देणे व ती दाखल करणे हे त्याचे काम. तो अशिलाची बाजू कायद्याच्या मर्यादेत मांडतो.

(इ) लेखापरीक्षक : तयार झालेले हिशेब तपासून त्यांवर स्वतंत्र मत देणे हे त्याचे काम. त्याची नेमणूक सर्वसाधारण सभा करते आणि त्याचा अहवाल सभासदांपुढे व निबंधकापुढे जातो. तो व्यवस्थापक समितीचा माणूस नसतो.

या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे गेल्या की काय होते? ज्याने हिशेब लिहिला त्यानेच तो तपासला, तर ती तपासणी राहत नाही. विद्यार्थ्याने स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासावी, अशातला तो प्रकार होतो. छोट्या पतसंस्थांमध्ये मार्चअखेर ताळेबंद जुळत नाही, म्हणून लेखापरीक्षकाच्याच कार्यालयातून तो 'तयार करून घेण्याची' पद्धत आढळते. ती सोयीची वाटते. पण त्यामुळे सभासदांच्या हाती दुसरे मत येतच नाही. ताळेबंद जुळविण्यासाठी साहाय्य हवे असेल, तर ते लेखापरीक्षकाखेरीज अन्य व्यक्तीकडून घेणे हाच योग्य मार्ग होय.

३. निवडीचा अधिकार आणि त्याची कायदेशीर चौकट

९७ व्या घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१३ साली व्यापक बदल करण्यात आले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या घटनादुरुस्तीचा राज्यातील सहकारी संस्थांपुरता भाग रद्दबातल ठरविला. मात्र राज्य विधिमंडळाने अधिनियमात केलेले बदल स्वतंत्रपणे टिकून आहेत. त्यांपैकी लेखापरीक्षणाशी संबंधित प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे सांगता येतील.

• कलम ७५ (२अ) नुसार वार्षिक सर्वसाधारण सभेने चालू आर्थिक वर्षासाठी शासनमान्य नामतालिकेतील लेखापरीक्षकाची नेमणूक करावयाची असते. त्याचे नाव व लेखी संमती सभेपासून ३० दिवसांच्या आत निबंधकाकडे कळवावी लागते.

• एकाच लेखापरीक्षकाची त्याच संस्थेवर सलग ३ वर्षांपेक्षा अधिक काळ नेमणूक करता येत नाही.

• कलम ८१ नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून ४ महिन्यांच्या आत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, लेखापरीक्षण पूर्ण व्हावे लागते.

• एका लेखापरीक्षकाने एका आर्थिक वर्षात २० पेक्षा अधिक संस्थांचे लेखापरीक्षण स्वीकारू नये. १ लाख रुपयांपेक्षा कमी वसूल भागभांडवल असलेल्या संस्था या मर्यादेतून वगळल्या आहेत.

• कलम ८२ नुसार अहवालात दाखविलेल्या दोषांचे स्पष्टीकरण व दुरुस्ती अहवालाच्या तारखेपासून ३ महिन्यांत निबंधकाला कळवावी लागते. व्यवहारात हाच 'ओ' नमुन्यातील दोष दुरुस्ती अहवाल होय.

नामतालिकेत सनदी लेखापाल, त्यांच्या फर्म आणि सहकार व लेखा पदविका (जी.डी.सी. अँड ए.) धारण करणारे प्रमाणित लेखापरीक्षक यांचा समावेश असतो. तालिकेत नाव असणे ही किमान पात्रता आहे. ती पुरेशी पात्रता आहे असे मानून अनेक समित्या तेथेच थांबतात, ही खरी अडचण आहे.

ही निवड इतकी महत्त्वाची का, याचे उत्तर ठेवींच्या संरक्षणात आहे. बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ४ ऑक्टोबर २०२३ च्या आदेशान्वये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा ठेवीदारांना या मर्यादेपर्यंतचा आधार होता. पतसंस्थेच्या ठेवीदाराला हे संरक्षण उपलब्ध नाही. पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्यावर रिझर्व्ह बँकेची थेट देखरेखही नसते. अशा स्थितीत ठेवीदार आणि नुकसान यांच्यामध्ये जे मोजके अडसर उभे असतात, त्यांत प्रामाणिक व वेळेवर झालेले लेखापरीक्षण अग्रभागी आहे. निवृत्तीनंतरची पुंजी पतसंस्थेत ठेवणाऱ्या शिक्षकाच्या दृष्टीने हा केवळ तांत्रिक विषय राहत नाही.

४. निवडीचे निकष

४.१ ओळखीची पडताळणी

भारतीय सनदी लेखापाल संस्था ही सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ अन्वये स्थापन झालेली वैधानिक संस्था आहे. तिच्या प्रत्येक सदस्याला सदस्यत्व क्रमांक असतो आणि स्वतंत्र व्यवसाय करण्यासाठी वेगळे व्यवसाय प्रमाणपत्र घ्यावे लागते. नोकरी करणारा सनदी लेखापाल पात्र असूनही, असे प्रमाणपत्र नसल्यास लेखापरीक्षण करू शकत नाही. २०१९ पासून सनदी लेखापालाने स्वाक्षरी केलेल्या प्रमाणपत्रांवर व लेखापरीक्षण अहवालांवर १८ अंकी विशिष्ट दस्तऐवज ओळख क्रमांक (यूडीआयएन) देणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाले. हा क्रमांक संकेतस्थळावर कोणालाही पडताळून पाहता येतो. प्रमाणित लेखापरीक्षकांना ही पद्धत लागू नाही. त्यांच्या बाबतीत सहकार खात्याची अद्ययावत नामतालिका पाहावी.

४.२ हितसंबंध

लेखापरीक्षक संस्थेचा कर्जदार आहे काय? तो एखाद्या संचालकाचा नातेवाईक, भागीदार किंवा नियमित कर सल्लागार आहे काय? संस्थेची संगणकप्रणाली त्याच्याच संबंधितांकडून घेतली आहे काय? हे प्रश्न सभेपूर्वी लेखी विचारावेत. तालुक्याच्या गावात सर्वांचीच सर्वांशी ओळख असते. ओळख असणे हा दोष नव्हे. परंतु ज्याच्याकडे संचालकांची वैयक्तिक विवरणपत्रे आहेत, त्याला त्याच संचालकांच्या थकीत कर्जावर शेरा लिहिणे जड जाते, हे मान्य करावे लागेल.

४.३ वेळ आणि मनुष्यबळ

२० संस्थांची मर्यादा लक्षात घेऊन यंदा किती संस्था स्वीकारल्या आहेत, प्रत्यक्ष तपासणीस कोण येणार, किती दिवस बसणार आणि शाखांना भेटी देणार काय, हे विचारावे. प्रशिक्षणार्थी सहायकांनी तपासणी करणे ही मान्य पद्धत आहे. मात्र स्वाक्षरी करणारी व्यक्ती एकदाही संस्थेत आली नाही, तर त्या स्वाक्षरीचे मोल कमी होते.

४.४ विषयाचा अनुभव

व्यापारी पेढीचे लेखापरीक्षण आणि पतसंस्थेचे लेखापरीक्षण यांत मोठे अंतर आहे. सोनेतारण कर्ज, जामीनकी कर्ज, पिग्मी ठेवी, थकबाकीचे वर्गीकरण, अनुत्पादक जिंदगीची तरतूद, वेतनातून होणारी वसुली या गोष्टींचा अनुभव असणारी व्यक्ती नेमकी कोठे पाहावे हे जाणते. कराच्या बाबतीतही अनुभवाचा प्रश्न येतो. १९६१ च्या आयकर कायद्यात सहकारी संस्थांना कलम ८० पी अन्वये वजावट होती. २०१८ च्या वित्त अधिनियमानंतर ती मिळण्यासाठी विवरणपत्र मुदतीत दाखल करणे आवश्यक झाले. केवळ मुदत चुकल्यामुळे संपूर्ण वजावट धोक्यात येऊ शकते, हे ज्याला ठाऊक आहे तोच समितीला वेळीच जागे करील. आयकर अधिनियम, २०२५ चा अंमल १ एप्रिल २०२६ पासून असल्याने जुन्या कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सल्लागाराने नव्या कायद्याचा अभ्यास केला आहे काय, हेही त्यामुळे विचारले पाहिजे.

४.५ पूर्वीच्या लेखापरीक्षकाशी पत्रव्यवहार

सनदी लेखापालाने एखादे लेखापरीक्षण स्वीकारण्यापूर्वी ते काम आधी करणाऱ्या सनदी लेखापालाशी लेखी संपर्क साधला पाहिजे, असा व्यावसायिक आचारसंहितेचा नियम आहे. काही समित्यांना हा विलंब वाटतो. वस्तुतः तो सभासदांच्या हिताचा आहे. आधीचा लेखापरीक्षक का बदलला जात आहे, हे त्यातून उघड होऊ शकते. 'पत्र वगैरे नको, लगेच काम सुरू करा' असा आग्रह धरणाऱ्या समितीने स्वतःलाच त्याचे कारण विचारावे.

४.६ शुल्क

सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण शुल्क शासनाने ठरवून दिलेल्या दरांनुसार असते. त्यामुळे 'कोण स्वस्तात करतो' हा निवडीचा निकष होऊ शकत नाही. दरापेक्षा कमी रकमेत काम करण्याची तयारी दाखविली जात असेल, तर कपात शुल्कात होते आहे की तपासणीत, याचा विचार करणे इष्ट ठरेल.

५. सोयीचा लेखापरीक्षक : एक उदाहरण

निवडीतील खरा मोह कोणता, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका सेवक पतसंस्थेचे भागभांडवल ४० लाख रुपये आहे व तरतुदीपूर्वीचा नफा ६ लाख रुपये आहे. अधिनियमाच्या कलम ६६ नुसार नफ्याचा किमान एक चतुर्थांश भाग, म्हणजे १.५ लाख रुपये, राखीव निधीत जाईल. अन्य निधी तूर्त बाजूला ठेवले तर ४.५ लाख रुपये उरतात आणि १० टक्के लाभांशासाठी लागणारे ४ लाख रुपये सहज उपलब्ध होतात. सभा आनंदात पार पडते.

आता लेखापरीक्षकाने काही जुनी कर्जे अनुत्पादक ठरवून ४ लाख रुपयांची तरतूद करण्यास सांगितले, असे मानू. नफा २ लाखांवर येतो, राखीव निधीत ५० हजार रुपये जातात, उरलेल्या १.५ लाखात ३.७५ टक्क्यांपेक्षा अधिक लाभांश देता येत नाही. संस्था तीच, कर्जदार तेच, तिजोरीतील रोकडही तीच. बदलला तो केवळ प्रामाणिकपणा.

अशा वेळी 'हे फार कडक आहेत, पुढच्या वर्षी दुसरे पाहू' असा विचार समितीत मूळ धरतो. सभासदही लाभांश कमी झाल्याचा राग लेखापरीक्षकावर काढतात. परंतु न केलेली तरतूद नाहीशी होत नाही. ती पुढील वर्षांच्या ताळेबंदात दडून राहते. न मिळविलेल्या नफ्यातून लाभांश वाटणे म्हणजे ठेवीदाराच्या पैशातून भागधारकाला देणे होय. कायद्याने लाभांशावर १५ टक्क्यांची सर्वसाधारण मर्यादा घातली आहे. परंतु या मर्यादेखालचा प्रत्येक लाभांश योग्यच असतो असे नाही. तेव्हा जो लेखापरीक्षक अप्रिय आकडा दाखवितो, तोच संस्थेला उपयुक्त असतो, हे सभासदांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

६. कामकाजाची शिस्त

चांगला लेखापरीक्षक निवडल्यानंतर त्याच्याकडून चांगले काम होणे हे बऱ्याच अंशी संस्थेवर अवलंबून असते. कागद अपुरे असतील तर तपासणीचा अर्धा वेळ कागद शोधण्यात जातो आणि उरलेल्या वेळात महत्त्वाचे प्रश्न सुटून जातात.

३१ मार्च रोजी कामकाज संपताच प्रत्येक शाखेतील शिल्लक रोकड दोन जबाबदार व्यक्तींनी मोजून नोटांच्या तपशिलासह स्वाक्षरी करावी. एप्रिलमध्ये सर्व बँकांचे शिल्लक दाखले मागवून बँक जुळवणी पत्रके पूर्ण करावीत. त्यानंतर एकच संचिका तयार करावी. तिच्यात पुढील कागद असावेत : उपविधींची अद्ययावत प्रत; समितीची व सभेची इतिवृत्ते; मागील लेखापरीक्षण अहवाल व दोष दुरुस्ती अहवाल; सभासदनिहाय भाग, ठेव व कर्ज याद्या; थकबाकीची मुदतनिहाय यादी; सोनेतारणाची यादी; गुंतवणुकीच्या मूळ पावत्या; न्यायालयीन व वसुली प्रकरणांचा तपशील.

सेवक पतसंस्थांच्या बाबतीत एका कागदाला विशेष महत्त्व आहे, तो म्हणजे मासिक वेतन वसुली यादी. महाविद्यालयाने पगारातून कपात केलेली रक्कम, संस्थेच्या बँक खात्यात जमा झालेली रक्कम आणि सभासदाच्या खात्यावर नोंदलेली रक्कम हे तीन आकडे बारा महिने जुळले पाहिजेत. कपात मार्चच्या पगारात आणि जमा एप्रिलमध्ये, असे झाल्यास तो फरक ताळेबंदात 'येणे' म्हणून दिसला पाहिजे. हे तीन आकडे जुळत नसतील, तर इतर तपासणीला फारसा अर्थ राहत नाही.

कामाला आरंभ होण्यापूर्वी कामाची व्याप्ती, कालावधी, द्यावयाचे कागद आणि संपर्काची जबाबदार व्यक्ती यांचा उल्लेख असलेले पत्र उभयपक्षी स्वाक्षरीने करावे. तपासणीत निघालेले प्रश्न तोंडी मिटवू नयेत. लेखी प्रश्न आणि लेखी उत्तर ही पद्धत ठेवावी. मसुदा अहवालावर समितीने चर्चा अवश्य करावी. परंतु चर्चेचा हेतू वस्तुस्थिती स्पष्ट करणे हा असावा, शेरा गाळून घेणे हा नसावा. आर्थिक गैरव्यवहार आढळल्यास लेखापरीक्षकाने निबंधकाकडे विशिष्ट अहवाल देणे आणि निबंधकाच्या लेखी परवानगीने प्राथमिक माहिती अहवाल दाखल करणे हे कलम ८१ नुसार त्याचे कर्तव्य आहे. ते टाळल्यास त्याचे नाव तालिकेतून वगळले जाऊ शकते. समितीने 'सांभाळून घ्या' असे म्हणणे म्हणजे त्याला कर्तव्यच्युतीस प्रवृत्त करणे होय.

७. अहवाल कसा वाचावा

वाणिज्य शाखेच्या प्रत्येक अध्यापकाने किंग्स्टन कॉटन मिल (१८९६) हा खटला शिकविलेला असतो. व्यवस्थापकाने मालसाठा फुगवून दाखविला, लेखापरीक्षकांनी त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला आणि न्यायालयाने त्यांना जबाबदार धरले नाही. लेखापरीक्षक हा राखण करणारा असतो, माग काढणारा नव्हे, हे तत्त्व त्यातून रूढ झाले. संशयास कारण दिसले तर खोलात जाण्याचे कर्तव्य त्याच खटल्याच्या तर्कात अंतर्भूत आहे. परंतु लेखापरीक्षणाला मर्यादा असतात, हेही तितकेच खरे. सोनेतारणातील दागिन्यांची शुद्धता लेखापरीक्षक स्वतः पारखत नाही. तो मूल्यांकनकाराच्या दाखल्यावर विसंबतो. म्हणून मूल्यांकनकार कोण आणि त्याची फेरतपासणी कोण करतो, हे पाहण्याची जबाबदारी समितीचीच राहते.

सभासदाने अहवाल वाचताना शेवटच्या पानावरील 'अ', 'ब', 'क' किंवा 'ड' हा वर्ग तेवढा पाहू नये. पुढील पाच गोष्टी तपासल्यास संस्थेची प्रकृती बऱ्याच अंशी कळते : (१) थकबाकीचे एकूण कर्जाशी प्रमाण मागील वर्षापेक्षा वाढले की घटले, (२) अनुत्पादक जिंदगीची आवश्यक तरतूद आणि प्रत्यक्ष केलेली तरतूद यांतील फरक, (३) संचालक व त्यांच्या नातेवाइकांकडील येणे, (४) वर्षानुवर्षे न हललेली 'अनामत', 'संशयित येणे' व 'शाखा देवाणघेवाण' यांसारखी खाती, (५) मागील वर्षी दाखविलेले दोष याही वर्षी तसेच आहेत काय. पाचवा मुद्दा सर्वांत बोलका आहे. एकच दोष सलग तीन अहवालांत येत असेल, तर उणीव लेखापरीक्षणात नसून समितीच्या इच्छाशक्तीत आहे, असा निष्कर्ष निघतो.

लेखापरीक्षणाची आणखी एक शाखा प्रत्येक सभासदाच्या हाती असते. आपले पासबुक व संस्थेने दिलेला शिल्लक दाखला दरवर्षी ताडून पाहणे आणि लेखापरीक्षकाने पाठविलेल्या शिल्लक पडताळणी पत्राला उत्तर देणे, एवढे प्रत्येकाने केले तरी खोटी खाती व परस्पर उचललेली कर्जे उघडकीस येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावात उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून पिकांचे नियोजन ठरविण्याची प्रथा आहे. हिशेब चारचौघांत मांडला की त्याचे पालनही चारचौघे करतात, हा त्यातील धडा पतसंस्थेच्या सभेलाही लागू पडतो.

८. वैयक्तिक करदाता म्हणून प्राध्यापक

संस्थेच्या बाबतीत जे तत्त्व, तेच व्यक्तीच्या बाबतीतही लागू होते. पगारदार प्राध्यापकाचे उत्पन्न पारदर्शक असल्याने विवरणपत्र भरणे हे किरकोळ काम समजले जाते व ते 'जास्त रिफंड मिळवून देणाऱ्या' मध्यस्थाकडे सोपविले जाते. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी केलेल्या कारवाईत अशा मध्यस्थांची कार्यपद्धती समोर आली. खोट्या वजावटी दाखवून मोठे परतावे मागायचे, त्यावर कमिशन घ्यायचे आणि त्यासाठी तात्पुरते ई-मेल पत्ते वापरायचे, असा तो प्रकार होता. हे पत्ते नंतर सोडून दिल्यामुळे विभागाच्या नोटिसा करदात्यापर्यंत पोहोचतच नसत. त्यापूर्वीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी सुधारित विवरणपत्रे भरून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचेही विभागाने तेव्हा जाहीर केले.

यातून काही साधे नियम निघतात. आयकर खात्यावर ई-मेल व भ्रमणध्वनी क्रमांक स्वतःचाच असावा. विवरणपत्र दाखल होण्यापूर्वी त्याचा मसुदा स्वतः वाचावा व प्रत्येक वजावटीचा पुरावा आपल्याकडे आहे याची खात्री करावी. शुल्क कामावर ठरवावे, परताव्याच्या टक्केवारीवर नव्हे. निष्पत्तीवर अवलंबून शुल्क घेणे सनदी लेखापालाला त्याच्या आचारसंहितेनुसार, नियमांतील अपवाद सोडता, मनाईच आहे. तेव्हा टक्केवारी मागणारी व्यक्ती कोणत्या नियमाने बांधलेली आहे, हे पाहावे. वेतन फरकाच्या बाबतीत १९६१ च्या कायद्याखाली कलम ८९ ची सवलत घेण्यासाठी नमुना १० ई आधी भरावा लागत असे. तो न भरल्याने सवलत नाकारली जाऊन मागणीच्या नोटिसा येत. चांगला सल्लागार फरकाची रक्कम ऐकताच वर्षनिहाय तपशील मागतो. जो मागत नाही, त्याच्याबद्दल विचार करावा.

९. समारोप

व्यावसायिक लेखापालाचे ज्ञान विकत घेता येते. त्याचे स्वातंत्र्य मात्र जपावे लागते. भूमिका वेगळ्या ठेवणे, हितसंबंध विचारणे, कागद वेळेवर देणे, प्रश्न लेखी ठेवणे आणि अहवाल सभेपूर्वी वाचणे या पाच गोष्टींसाठी वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. प्राध्यापक वर्गाकडून ही अपेक्षा अधिक आहे, कारण पतसंस्थेच्या सभेत बसलेला शिपाई, ग्रंथालय परिचर किंवा प्रयोगशाळा सहायक अनेकदा 'सरांनी पाहिले असेल' या विश्वासावर हात वर करतो.

म्हणूनच येत्या सर्वसाधारण सभेत लेखापरीक्षक नेमणुकीचा विषय आला असता किमान तीन प्रश्न उपस्थित व्हावेत : प्रस्तावित लेखापरीक्षकाचे हे सलग कितवे वर्ष आहे, त्याचा संस्थेशी वा संचालकांशी कोणता आर्थिक संबंध आहे, आणि मागील अहवालातील किती दोष दुरुस्त झाले. या प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात नोंदविली गेली, तर २०१३ मध्ये मिळालेला अधिकार सभासदांनी खऱ्या अर्थाने वापरला असे म्हणता येईल.